शीत म्हणजे थंड, मग पोराचं चुकलं काय?

काल आम्ही शिक्षकखोलीत नववीच्या घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. माझ्या गठ्ठ्यातलं एक उत्तर शेजारच्या सरांनी उचलून मोठ्याने वाचलं. 'शीतयुद्ध म्हणजे थंडीच्या दिवसांत झालेले युद्ध.' सगळे खदाखदा हसले आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, हसता काय? शीत म्हणजे थंड एवढं त्या पोराला कळलं, त्यावरून त्याने अर्थ लावला. मी शिकवलं ते दोन्ही दिवस तो घरच्यांबरोबर कांद्याच्या लागणीला गेला होता. पुस्तकातला तो परिच्छेद त्याला एकट्याने वाचता येत नाही. जोडाक्षर आलं की अडतो. आठवीपर्यंत ढकलत आणलं त्याला, आणि आता हसायला सगळे पुढे!

अठ्ठावन्न मुलं आहेत माझ्या वर्गात. पुढच्या बाकावर फाउंडेशनच्या क्लासला जाणारी, मागे 'अलिप्ततावाद' (म्हणजे कुठल्याच गटात न जाणं) हा शब्द तीन तुकड्यांत वाचणारी. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. वरून आदेश काय, तर कच्च्या मुलांना जोड्या लावा आणि रिकाम्या जागा करून घ्या, बाकीचं सोडा. अमेरिकेच्या गटाचा लष्करी करार नाटो 1949, सोव्हिएत गटाचा वॉर्सा करार 1955, पाठ झालं की पास. म्हणजे हुशारांना कारणं आणि कच्च्यांना नुसत्या सनावळ्या! कुणी ठरवलं हे? ज्याला वाचता येत नाही त्याला विचारही करता येत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?

मी बांधाचं भांडण सांगितलं होतं वर्गात. दोन तालेवार भाऊबंद, दोघांच्याही घरात बंदूक. समोरासमोर भिडले तर दोघंही मरणार, हे दोघांना पक्कं ठाऊक. म्हणून एकमेकांवर हात टाकत नाहीत, पण गावातल्या बाकीच्यांना पैसा आणि काठ्या पुरवून झुंजवतात. हे दोन भाऊबंद म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत रशिया, आणि बंदूक म्हणजे अणुबॉम्ब. तेच शीतयुद्ध! 1950 ला कोरिया पेटलं, मग व्हिएतनाम, 1979 ला सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. मेले लाखो, पण अमेरिका आणि सोव्हिएत रशियाने एकमेकांविरुद्ध युद्ध पुकारलं नाही. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "मॅडम, मग ज्यांना कुणाच्याच बाजूने जायचं नाही त्यांनी काय करायचं?" अहो, 1961 साली बेलग्रेडला आपले नेहरू, युगोस्लाव्हियाचे टिटो, इजिप्तचे नासर जमले ते याच प्रश्नासाठी! तो मुलगा वाचनाच्या यादीत 'अप्रगत' आहे. त्या रजिस्टरात असा प्रश्न लिहायला रकाना नाही.

पण यात तीन तास गेले. नियोजनात दोनच होते. लगेच बोलावणं आलं, पोर्शन मागे पडलाय म्हणून. एका पालकांचा फोनही आला, मागच्यांसाठी आमच्या मुलाचा वेळ का घालवता? आणि हा धडा किती मार्कांना येतो? किती मार्कांना! जग अणुयुद्धाच्या काठावर उभं होतं, ते किती मार्कांना ते सांगू का मी?

आणि खरं सांगायचं तर पुढच्या बाकावरच्यांनाही मी पुरी पडत नाही, हे जास्त जाळतं मला. एका मुलीने विचारलं, "आपण अलिप्त होतो तर 1971 च्या ऑगस्टमध्ये रशियाशी मैत्रीचा करार कसा केला?" काय नेमकं बोट ठेवलं पोरीने! ते नीट सांगायचं तर 1962 पासून सुरुवात करावी लागते. ऑक्टोबरात तिकडे क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जगाचा श्वास रोखलेला, इकडे चीन आपल्या हद्दीत घुसलेला. तेव्हा आपल्याला शस्त्रं अमेरिकेनेही पाठवली. पुढे 1963 मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना आमच्याच नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले, आणि 1964 मध्ये ओझरला मिग लढाऊ विमानांचा कारखाना आला. रशियन विमान, आपले कामगार! शाळेपासून वीस मिनिटांवर. माझ्या वर्गातल्या दोघांचे आजोबा तिथून निवृत्त झालेत. हे सगळं सांगून मग डिसेंबर 1971 च्या भारत-पाकिस्तान युद्धावर यायचं, बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या अमेरिकेच्या सातव्या आरमारावर. याला एक अख्खा तास लागतो. त्या आजोबांपैकी एकाला वर्गात आणलं तर दोन. आणि तो तास अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न मुलांना कळेल, वाचता येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांनाही.

मी तिला म्हटलं, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी मला मतदार यादीच्या कामाला पाठवलं. परत आले तेव्हा माझ्या तासाला दुसऱ्याच बाईंनी पुढचा धडा सुरू केलेला, फळ्यावर रिकाम्या जागा. पोरीने परत विचारलं नाही. वहीत तिने प्रश्नापुढे एक ओळ मोकळी सोडली होती, ती काल वह्या तपासताना दिसली.