सात आठवड्यांत तीन मॅरेथॉन: काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(वय अडुसष्ट असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते.)

तुमची प्रतिक्रिया वाचल्या वाचल्या तावातावाने एक उत्तर लिहिलं होतं. ते पाठवलं नाही, बरं झालं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुणे, पुढच्याच रविवारी वसई-विरार आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई अशा तीन पूर्ण मॅरेथॉन मी पळाले आणि त्यावर लेख लिहिला. काकांचं म्हणणं असं की एका मॅरेथॉननंतर सव्वीस दिवस जाऊ द्यावेत हा जुना नियम आहे, सात दिवसांत दुसरी पळणं म्हणजे मेडलांचा हव्यास, पुण्याचे धावपटू आशिष कासोदेकर यांचा दाखला देऊन मी नवख्यांना भुलवते आहे. आणि शेवटी एक प्रश्न: "पुणे आणि वसईवर एवढं पाल्हाळ, मग मुंबईवर दोनच ओळी का?"

हव्यासाचं आधी उरकते. आहे. मेडलं गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेली आहेत आणि सासूबाई त्याच खिळ्यावर ओला पंचा वाळत घालतात, त्यामुळे डोक्यात हवा जायला फारसा वाव नाही.

आता सव्वीस दिवस. मॅरेथॉन साधारण सव्वीस मैलांची, म्हणून दर मैलामागे एक दिवस, हा नियम न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टरच्या नावाने सांगतात. चाळिशी उलटल्यावर १९७४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत मॅरेथॉनचं रौप्यपदक मिळवणारा माणूस, त्याचं ऐकायलाच हवं. पण त्याचा नियम जीव खाऊन पळण्याबद्दल आहे. तेवढे दिवस पुन्हा शर्यतीच्या वेगाने पळू नका, एवढंच तो सांगतो. बूटच घालू नका असं त्यात नाही. माझा अख्खा लेख या फरकावर उभा होता आणि तोच मला नीट मांडता आला नाही, हे मान्य.

पुणे मी दामटून पळाले, ४ तास ३१ मिनिटं. सोमवारी ऑफिसला जाताना ठाणे स्टेशनचा पूल चढले ती ठीक चढले, उतरताना मात्र कठडा धरून खेकड्यासारखी आडवी. मागच्या कॉलेजच्या पोराने "आंटी, साइड" म्हटलं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि आदल्या दिवशी हजारो पावलांत नेमकं तेच झालेलं असतं. तंतू बारीक बारीक फाटलेले असतात. भात, रताळं, केळी पोटभर खाल्ली तर स्नायूंतला साखरेचा साठा दोन-तीन दिवसांत भरतो. फाटलेलं आठवड्यात भरत नाही. म्हणून वसईला नऊ मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं, असं पहिल्या किलोमीटरपासून. ५ तास २० मिनिटं. वाटेत भेटलेल्या एका बाईंकडून त्यांच्या सुकटीच्या चटणीची कृती अखंड ऐकली, इतका दम शिल्लक होता. त्यानंतरच्या सोमवारी संध्याकाळी मी खाली मांडी घालून मेथी निवडत बसले होते. अंतर तेच, स्नायूंनी मोजलेली किंमत वेगळी.

कासोदेकरांनीही पुण्यात २०२१-२२च्या हिवाळ्यात साठ दिवसांत साठ वेळा हे अंतर कापलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा निघता येईल अशा बेताने. त्याआधी लडाखमध्ये ५५५ किलोमीटर पळून झालेला माणूस आहे तो. हे दुसरं वाक्य माझ्या लेखात नव्हतं. भुलवणं म्हणालात ते इथे लागू पडतं. केनियाचा ऑलिंपिक विजेता किपचोगे ऐन भरात असतानाही वर्षाला एरवी दोनच मॅरेथॉन पळायचा, हेही मी लिहायला हवं होतं.

गुडघ्यांना धोका आहे असं तुम्ही म्हणता, ते मात्र पटत नाही. माझे गुडघे ठणठणीत आहेत. मोडलं ते दुसरंच.

तर मुंबई. तिथे दोनच ओळी होत्या, कारण तिसरी ओळ लिहायची लाज वाटत होती.

वसईनंतर आठ दिवसांत काहीच दुखेना. मला वाटलं, झालं की! मग गुरुवारी टेम्पो रन (दम लागेल अशा वेगाने सलग पळणं), रविवारी ठाण्याजवळच्या येऊरचा चढ, दोन्ही घड्याळाकडे बघत. तुमचे सव्वीस दिवस मी मोडले ते इथे, वसईला नव्हे. ख्रिसमसच्या सुमाराला डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला एक जागा दुखायला लागली, बोटाच्या पेराएवढी. दाबली की कळ. पळायला लागलं की दहा मिनिटांत नाहीशी व्हायची, म्हणून मी तिला कोणाला सांगितलंच नाही. नवऱ्यालाही नाही.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं: ताण पडलेल्या हाडातून शरीर आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. मधले काही आठवडे ते हाड आधीपेक्षा कच्चं असतं. स्नायू मोकळे झालेले असतात, आपण खुशीत असतो, आणि हाड अजून उकरलेल्या रस्त्यासारखं पडलेलं असतं. स्नायू निदान बोंब तरी मारतो.

मुंबईच्या पहाटे मी आयब्युप्रोफेनची गोळी घेऊन निघाले. यासाठी तुम्ही मला जे बोलाल ते ऐकून घेईन. घाम गाळत चार-पाच तास पळताना ही गोळी मूत्रपिंडांवर भार टाकते, हे मी स्वतः आमच्या ग्रुपवर दोनदा लिहिलेलं आहे! परतीच्या पेडर रोडच्या चढावर पाय टेकवेना. तिथून चालत, लंगडत आले, ४ तास ५२ मिनिटं. फोटोत हसते आहे. आठवड्याने एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस रिअ‍ॅक्शन, म्हणजे फ्रॅक्चरच्या अलीकडचं स्टेशन. सहा आठवडे पळणं बंद.

हे सगळं आज मूळ लेखात घातलं आहे, मुंबईच्या त्या दोन ओळींखाली. आधीचा मजकूर तसाच ठेवला आहे, म्हणजे तुमची प्रतिक्रिया कशावर होती ते वाचणाऱ्याला कळेल.

बर्फाच्या पाण्याचं विचारलंत. मी बादलीत गार पाणी घेऊन पाय सोडून बसते, बरं वाटतं. त्याने काही भरून येतं असा माझा दावा नाही. मसाज गन भावाने दिली होती. ती सध्या सासूबाईंच्या खांद्याला लागते.

यंदा पुणे आणि मुंबई, दोनच. वसईच्या रविवारी पाण्याच्या टेबलावर उभी असेन. तुम्ही पळणार असाल तर बिब नंबर (छातीवरचा क्रमांक) कळवा, लिंबू सरबताचा एक ग्लास बाजूला काढून ठेवते.