आतड्यातले सालदार हाकलून लावा

आखाजीला सालदार बदलायची आपल्या खानदेशातली जुनी रीत. यंदा शेतातले असू द्या, आतड्यातले बदला. एका अंदाजानुसार माणसाच्या अंगात ३८ लाख कोटी जंतू आहेत, बहुतेक मोठ्या आतड्यात. एवढे गडी पोसायचे कुणी?

सुरुवात कळण्याच्या भाकरीपासून करा, म्हणजे ती बंद करा. ज्वारी आणि सालासकट उडीद यांतला तंतू आपल्याला पचतच नाही, थेट त्यांच्या पंगतीला जातो. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचं आम्ल करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी आपलं बहुतेक जळण त्यातूनच घेतात. धनी तुम्ही, आणि चूल सालदाराच्या भरवशावर? शोभतं का?

खरी अडचण पुढेच आहे. भरताची वांगी भाजताना पऱ्हाट्या कशा भडाभडा पेटतात आणि बघता बघता राख होतात! आतड्यातल्या भांडखोर टी पेशी (रोगाशी लढणारे पहारेकरी) तशाच, साखर भराभर जाळून पेटणाऱ्या. रेग्युलेटरी टी पेशी मात्र बट्टीखालच्या गोवऱ्या: ऑक्सिजन घेत, चरबीसुद्धा जाळत, मंद धगीवर चालतात आणि भांडणं मिटवतात. ब्युटिरेट मिळालं की मोठ्या आतड्यात यांची संख्या वाढते, हे २०१३ साली उंदरांवर दिसलं. आता पोटातच तंटामुक्ती समिती बसली तर आतडं सुजणार कसं?

म्हणून रात्री ढाब्यावर शेवभाजी, बोटभर तर्री, मैद्याची रोटी, वर कोल्ड्रिंक. सकाळी शिंका आल्या की मेडिकल गाठा. आमच्या गल्लीतला विचारतो, "भाऊ, साधी देऊ की भारी?" मी भारीच घेतो. विषाणूच्या सर्दीला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, पण सालदारांना ती बरोबर लागू पडते.

उरलेले उपाशी गडी मग घराच्या भिंतीच खायला लागतात. तंतू न मिळालेल्या उंदरांच्या आतड्यातला बुळबुळीत श्लेष्मा जंतूंनी असाच कुरतडला. थर पातळ झाला की जंतू अस्तराला भिडतात आणि पहारेकरी लाठ्या काढतात. शिवाय ब्युटिरेटविना अस्तराच्या पेशी ऑक्सिजन कमी वापरतात. तो आत पाझरतो आणि त्यावर माजणारे साल्मोनेलासारखे उपरे ओसरीवर पथारी टाकतात. क्रोन्स या आतडं सुजत राहणाऱ्या आजाराच्या अनेक रुग्णांत ब्युटिरेट करणारे जंतू कमी सापडतात. आधी जंतू गेले की आधी सूज आली, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालताहेत. घालू देत, आपण कशाला थांबायचं?

हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीचं बोलावणं येईलच. जा, पण पुरीच घ्या, आणि कांद्याची पात ताटाच्या कडेला सारा. भाकरीची टोपली घेऊन मावशी समोर उभ्या राहतील, "घे ना भो, कळण्याची आहे." सांगा, हल्ली पचत नाही. तोवर ते खरंच झालेलं असेल.