रॅकची निविदा ‘इतर’मध्ये कशाला लपवता?

काल एका सार्वजनिक ग्रंथालयाची निविदा सापडली. पुस्तकांचे लोखंडी रॅक, वाचनकक्षातली टेबलं, खुर्च्या. सगळं आमच्याच कामाचं. आणि सापडली तेव्हा मुदत संपायला एक रात्र उरलेली!

दिसणार तरी कशी? शोधात ‘ग्रंथालय’ टाका, ‘वाचनालय’ टाका, ‘लायब्ररी’ टाका, काही येत नाही. कारण शीर्षक दिलंय ‘किरकोळ साहित्य पुरवठा’ आणि वर्गवारी ‘इतर’. आत वाकडातिकडा स्कॅन केलेला पीडीएफ. रॅकच्या मापांवर नेमका गोल शिक्का. खोली १२ इंच की १५, तेच कळेना; पत्र्याचा हिशोब काय डोंबल लावायचा? शंका निविदापूर्व बैठकीत विचारा म्हणे. बैठकीची तारीख बघितली, तर सूचना पोर्टलवर चढली त्याच्या आदल्या दिवसाची! सूचनाच नव्हती तर त्या बैठकीला बसलं कोण होतं? त्यांना कुणी कळवलं?

केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत बोली भरायला साधारणपणे किमान तीन आठवडे द्या असं लिहिलंय. पण सूचना कुणाच्या नजरेलाच पडणार नसेल तर तीन आठवडे काय आणि तीन महिने काय.

वर अट अशी की, सार्वजनिक ग्रंथालयालाच पुरवठा केल्याचा दाखला हवा. कॉलेजची ग्रंथालयं भरून दिली, ती चालत नाहीत. पुस्तकं काय वेगळ्या वजनाची असतात तिथे? पहिलं काम द्यायचं नाही आणि पहिल्या कामाचा दाखला मागायचा.

राज्य सरकारचं ई-निविदा पोर्टल महाटेंडर बघा, केंद्राचं ऑनलाइन खरेदी पोर्टल जेम बघा, महापालिकेचं संकेतस्थळ बघा, पेपरातल्या बारीक टायपातल्या जाहिराती बघा. तरी अर्धं चित्र बाहेरच. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली राज्यातली बहुतेक ग्रंथालयं स्थानिक संस्था चालवतात. त्यांची छोटी खरेदी ओळखीतल्या कोटेशनवर उरकते. रॅक-कपाटांसाठी केंद्राच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानची मदत असते, पण ती कुणाला मंजूर झाली आणि खरेदी कधी निघणार, हे पुरवठादाराने दारोदार विचारत फिरायचं. सार्वजनिक पैसा आहे ना हा?

शीर्षकात ‘ग्रंथालय’ लिहा. मापं टाइप करा. एवढ्याला वेगळा निधी लागत नाही.

त्या बैठकीचं इतिवृत्त आज माहिती अधिकारात मागितलंय. हजेरीपत्रकासकट.