दोन सेकंदांत शंभर, आणि पुढच्या वळणाचं काय?

सुपरकारच्या भवितव्यावर एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इलेक्ट्रिक गाडी दोन सेकंदांत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठते, म्हणून बारा सिलिंडरचं व्ही१२ इंजिन आता शोभेपुरतं, बॅटरीचं वजन तळाशी असतं, त्यामुळे त्याचा त्रास नाही, आवाज स्पीकर देईल, २०३५ नंतर कायदाच पेट्रोल सुपरकार बंद करणार, आणि देखभाल तर शून्य. प्रत्येक विधानात थोडं खरं आहे, म्हणून ते चटकन पटतं. अडचण उरलेल्या भागात आहे.

“वेगात इंजिन हरलं, विषय संपला”

सरळ रेषेत हरलं, यात वाद नाही. रिमाक नेवेरा ही इलेक्ट्रिक सुपरकार चार मोटरी आणि १,९१४ हॉर्सपॉवरच्या जोरावर दोन सेकंदांच्या आत शंभर गाठते. सप्टेंबर २०२५ मध्ये यांगवांग यू९ एक्स्ट्रीम या चिनी इलेक्ट्रिक गाडीने जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या ट्रॅकवर ताशी ४९६.२२ किलोमीटर गाठले.

आता वळणं घ्या. जर्मनीतल्याच नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या २०.८ किलोमीटरच्या वळणावळणाच्या ट्रॅकवर २०२३ मध्ये याच नेवेराला ७ मिनिटं ५.२९८ सेकंद लागले. आदल्या वर्षी ५२५ हॉर्सपॉवरच्या पेट्रोलवरच्या पोर्शे ९११ जीटी३ आरएसने तीच फेरी ६ मिनिटं ४९.३२८ सेकंदांत मारली होती. साडेतीन पटींहून जास्त ताकद, तरी १६ सेकंद मागे. पोर्शेला रस्त्यावर दाबून धरणाऱ्या त्या अवाढव्य मागच्या पंखाचा यात मोठा वाटा आहे, हे कबूल. उरलेला हिशेब उष्णतेचा आणि वजनाचा.

उष्णतेचं गणित हातानेच मांडून बघा. ८०० व्होल्टच्या बॅटरी पॅकमधून १,४०० किलोवॅट ओढायचे तर प्रवाह १,७५० अँपिअर होतो. पॅकचा एकूण अंतर्गत रोध २० मिलीओहम धरू. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास ६१ किलोवॅट उष्णता, तीही एकट्या पॅकमध्ये. मोटर आणि तिला बॅटरीची वीज बदलून देणारा इन्व्हर्टर, यांची वेगळी. ताकद निम्मी केली की उष्णता चौथाईवर येते. म्हणूनच छोटा झपाटा मारायला इलेक्ट्रिक गाडी बेफाम असते आणि सलग फेऱ्या मारायला लागली की हात आखडते.

पेट्रोल इंजिन याहून कितीतरी जास्त उष्णता निर्माण करतं, मग त्याचं कसं निभतं? बरीच उष्णता सायलेन्सरवाटे बाहेर जाते. उरलेली रेडिएटर फेकतो, आणि इंजिनचा कूलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, १०५ अंशांवर असतो. बाहेर ३५ अंश असतील तर फरक ७० अंशांचा. बॅटरीचा कूलंट ४५ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो, म्हणजे फरक फक्त १० अंशांचा. तेवढ्याच रेडिएटरमधून ढोबळमानाने सातवा हिस्सा उष्णता निघते. मग एसीचा कॉम्प्रेसर मदतीला घ्यायचा. तो पुन्हा त्याच पॅकची वीज खाणार.

त्यात चार्ज उतरतो तसा पॅकचा व्होल्टेज घसरतो. तेवढ्याच ताकदीला जास्त प्रवाह लागतो, उष्णता वाढते आणि शेवटी नियंत्रण प्रणाली ताकद कापते. पॅक शंभर टक्के भरून ट्रॅकवर उतरणं हीदेखील चूकच: भरलेला पॅक ब्रेक लावताना मोटरीत तयार होणारी वीज स्वीकारत नाही आणि पहिल्याच उतारावर दोन टनांचा सगळा भार ब्रेकच्या डिस्कवर येतो.

याला उत्तर नाही असं नाही. फोक्सवॅगन आयडी.आर. या इलेक्ट्रिक गाडीने २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीकचा घाट ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत चढून विक्रम केला. तिथे ४,३०० मीटरवरच्या विरळ हवेत इंजिनाचा दम जातो, मोटरला फरक पडत नाही. पण ती ११०० किलोंच्या आतली निखळ रेसगाडी होती, आणि बॅटरीही त्या एका चढाईच्या बेताने बसवलेली.

“वजन खाली असलं की चालतं”

गुरुत्वमध्य खाली आल्याने गाडी कमी झुकते, एवढंच. वस्तुमान जिथल्या तिथे राहतं. टायरवरचा भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. त्यामुळे जड गाडीला त्याच वळणात कमी वेग परवडतो आणि टायर आधी तापून निसटायला लागतो. शिवाय तळाशी सपाट पॅक टाकला की चालकाची सीट वर जाते, आणि सुपरकारची उंची जेमतेम १.२ मीटर. म्हणून नेवेरात पॅक ‘एच’ आकाराचा आहे, तर लोटस एविजात तो सीटच्या मागे, इंजिनाच्या जागी.

पेट्रोलचा एक किलो इंजिनातली नासाडी जाऊन चाकांना ३ ते ४ युनिट देतो. एक किलो पॅक ०.२ युनिटही देत नाही. त्यामुळे कंपन्यांनी वीज घेतली, पण चवीपुरती: लॅम्बोर्गिनी रेव्हुएल्टोत ६.५ लिटरच्या व्ही१२ सोबत ३.८ युनिटचा पॅक, २०२४ च्या फेरारी एफ८० मध्ये जेमतेम २.३ युनिटचा. इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो असेल तर तो जागा होईपर्यंतची पोकळी हा पॅक भरतो, आणि पुढच्या दोन चाकांना वेगवेगळा टॉर्क (फिरवणारा जोर) देऊन गाडी वळणात ओढतो. फेरारी एसएफ९० मध्ये तर गिअरबॉक्समधला रिव्हर्स गिअरच काढून टाकला. मागे घेण्याचं काम पुढच्या मोटरी करतात.

सगळ्यात बोलका दाखला मात्र खुद्द नेवेरा बनवणाऱ्या माते रिमाक यांचा. बुगाटीची सूत्रं हाती आल्यावर २०२४ मध्ये त्यांनी तूर्बियों ही गाडी आणली: ८.३ लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही१६ इंजिन, एक हजार हॉर्सपॉवरचं, आणि जोडीला ८०० हॉर्सपॉवरच्या तीन मोटरी.

“आवाज स्पीकर देईल”

देईल, पण चालकाला तो आवाज माहिती म्हणून हवा असतो: इंजिन किती वेगाने फिरतंय, गिअर कधी बदलायचा. फेरारीने आपल्या इलेक्ट्रिक गाडीसाठी मागच्या अ‍ॅक्सलवर सेन्सर लावून तिथली खरी कंपनं मोठी करायचं ठरवलंय. रेकॉर्ड केलेल्या गुरगुराटापेक्षा हे प्रामाणिक.

“२०३५ ला कायद्याने बंद”

युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमात वर्षाला हजारापेक्षा कमी गाड्या नोंदवणाऱ्या उत्पादकांना सूट आहेच. शिवाय डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने २०३५ साठीचं कार्बन कपातीचं १०० टक्क्यांचं लक्ष्य ९० वर आणायचा प्रस्ताव मांडला. तारीख दगडावर कोरलेली नाही.

“देखभाल शून्य”

मोटरमध्ये झिजणारे भाग कमी, हे खरं. पण सुपरकार बहुतेक दिवस उभीच असते आणि दुखणी तिथेच धरतात. मोठा पॅक गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेचे मोठे खटके, साधारणपणे १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालतात. ती उतरली की मुख्य पॅकमध्ये ८० टक्के चार्ज असूनही गाडी ढिम्म हलत नाही, आणि बॉनेट विजेच्या खटक्यावर उघडत असेल तर त्या छोट्या बॅटरीपर्यंत हातही पोहोचत नाही. म्हणून तिला कायम मेंटेनर चार्जर (चार्ज टिकवून ठेवणारा छोटा चार्जर) लावावा, बॉनेटची हाताने ओढायची केबल कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावं, मुख्य पॅक ४० ते ६० टक्क्यांवर आणि थंड जागेत ठेवावा. पूर्ण चार्ज लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्रीच.

एवढं करूनही सेल वापराविना म्हातारे होतात. चाळीस वर्षांनी व्ही१२ चा पिस्टन नव्याने घडवून घेता येईल. त्याच मापाचे सेल आणि त्यांना ओळखणारं सॉफ्टवेअर मिळणं कठीण. जुनी इलेक्ट्रिक सुपरकार घेताना किलोमीटरचा आकडा नंतर बघा. आधी पॅकची उरलेली क्षमता, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी व्होल्टेज असलेल्या सेलमधला फरक आणि इन्सुलेशनचं (वीज गाडीच्या सांगाड्यात झिरपत नाही ना, याचं) रीडिंग, हे तिन्ही लेखी मागून घ्या.