साखर सोडली म्हणून गाठ उपाशी मरत नाही

"साखर हे कॅन्सरचं खाणं. साखर, भात, पोळी, फळं बंद करा, गाठ उपाशी मरेल. रोज लिंबूपाणी प्या, रक्त अल्कधर्मी होईल. या शोधाला नोबेल मिळालंय." मावशीच्या पहिल्या केमोच्या आठवड्यात हा मेसेज घरच्या ग्रुपवर आला आणि तिने तो मनावर घेतला. दीड महिन्यात तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी नोबेल. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांना ते १९३१ मध्ये मिळालं, पण पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमवरच्या कामासाठी. कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन असतानाही भराभर ग्लुकोज ओढून त्याचं लॅक्टेट करतात, हे त्यांनी १९२०च्या दशकात दाखवलं होतं आणि ते खरं आहे. पेट स्कॅन, म्हणजे अंगातल्या गाठी शोधणारी तपासणी, याच गुणावर चालते. ग्लुकोजसारखा किरणोत्सारी पदार्थ टोचला की गाठ चमकते. पण त्याच चित्रात मेंदूही लखलखतो, तोही ग्लुकोजवरच जगतो ना!

खरा घोळ पुढे आहे. गाठ ताटातून खात नाही, रक्तातून खाते. सबंध अंगातल्या रक्तात मिळून चार-पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर ग्लुकोज असतं, आणि ही पातळी शरीर काही केल्या खाली जाऊ देत नाही. जेवण चुकलं की यकृत आपल्याकडचा ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजचा, साठा मोडतं. तो दिवसभरात संपत आला की स्नायूंमधली प्रथिनं मोडून नवं ग्लुकोज तयार करतं. भात बंद केला तरी गाठीला तिचा वाटा मिळतच राहतो, झिजतात ते दंड आणि मांड्या. शिवाय अनेक गाठी ग्लुटामिन (प्रथिनांचा एक घटक) आणि चरबीवरही पोसतात. वजन आजारानेही उतरतं, केमोनेही. आम्ही त्यात तिसरं कारण आपल्या हाताने जोडलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

लिंबूपाण्याने रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) बदलत नाही. फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं तो ७.३५ ते ७.४५च्या आत ठेवतात. गाठीभोवती आम्लता असते, पण ती गाठीनेच केलेली.

पोषकद्रव्य अडवून कॅन्सरला रोखता येतं का? येतं, आणि त्या गोष्टीचा एक धागा मुंबईतला आहे. १९२८ नंतर ब्रिटिश डॉक्टर लुसी विल्स यांनी इथल्या गिरणी कामगार बायकांचा गरोदरपणातला पंडुरोग (रक्त कमी होणं) अभ्यासला. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होत होत्या. त्यातला घटक पुढे फोलिक ॲसिड ठरला, म्हणजे पालेभाज्यांतही असणारं फोलेट हे जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) मुलांना दिल्यावर आजार उलट बळावतोय, असं बोस्टनच्या डॉक्टर सिडनी फार्बर यांना दिसलं. मग त्यांनी फोलेटची वाट अडवणारं ॲमिनोप्टेरिन वापरलं. ते मूळचे भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने बनवलेलं. १९४८ मध्ये फार्बर यांनी काही मुलांचा आजार तात्पुरता मागे हटल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही देतात. पण हे मोजून-मापून दिलेलं औषध आहे. पालेभाजी सोडून ते साधत नाही.

साखरेला मी निर्दोष म्हणत नाही. जादा गोडाने वजन वाढतं, आणि लठ्ठपणाचा १३ प्रकारच्या कॅन्सरशी संबंध असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलंय. मधुमेह असेल तर पथ्य आलंच, तेही डॉक्टरांना विचारून.

मावशीचं पथ्य आता आहारतज्ज्ञ बाई ठरवतात. मऊ भात, घट्ट वरण, वर तूप, सोबत अंडं. तोंड आलेलं असेल त्या दिवशी गार दही-भात, आणि तोही दर दोन तासांनी थोडा थोडा.