फोटो इमारतीचा काढा रे, थोबाडाचा नको!

शाळेच्या ग्रुपमधलं कुणी जयपूरला गेलं की मोबाइलची मेमरी भरलीच समजा. हवामहल १७९९चा, ९५३ झरोक्यांचा. पण फोटोत दिसतात जेमतेम दहा, बाकीच्यांपुढे आमच्या भाऊसाहेबांचा गॉगल! वर फिल्टर असा मारलेला की गुलाबी शहर पार जांभळं. नाव नाही, गाव नाही, नुसते धडाधड फोटो. "कुठलंय रे भो हे?" विचारलं तर उत्तर काय, अंगठा!

आणि मी थाळनेरमधल्या, पूर्वी खानदेशावर राज्य केलेल्या फारुकी सुलतानांच्या कबरींचे चारच फोटो टाकले, दगडावरची नक्षी नीट दिसावी म्हणून सकाळच्या उन्हात काढलेले, खाली दोन ओळी माहितीही. एकाने विचारलं, "बऱ्हाणपूर का?" अरे, आपल्या शिरपूर तालुक्यातलं, तापीकाठचं थाळनेर! बऱ्हाणपूरच्या आधी फारुकींची राजधानी इथेच होती. तेवढ्यात दुसऱ्याने खाली वाढदिवसाचा केक चिकटवला. संपला विषय.

धुळे-जळगाव करताना पारोळा लागतं, तिथला भुईकोट किल्ला यांच्यापैकी कुणी पाठवेल तर शपथ. आता एकजण उदयपूरला निघालाय म्हणे. केला ग्रुप म्यूट.