अबाया शिवायचा तर गोव्याच्या हवेला शिवा

मडगाव, वास्को, फोंडा, वाळपई, कुठंही जा, अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा सैल, पायघोळ झगा, घालणाऱ्या मुलीला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. बाहेर विचारतात, "एवढ्या उकाड्यात हे कशाला? घरच्यांची जबरदस्ती आहे का?" गोतावळ्यात विचारतात, "रंगीत का घेतलास? केस दिसतायत बघ." मत सगळ्यांना असतं. पण कापड कुठलं, घेर किती, त्यात स्कूटर चालवता येते का, हे कोणी विचारत नाही. अंग किती झाकायचं, झाकायचं की नाही, हे तिनंच ठरवायचं. त्यात मला तिळमात्र शंका नाही. पण घालायचं ठरवल्यावर तो कपडा तिला सुखाचा झाला पाहिजे, आणि गोव्यात तो बहुतेकदा होत नाही, कारण तो इथल्या हवेसाठी बेतलेलाच नसतो.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात मुसलमान ८.३३ टक्के होते. यातल्या कितीतरी घरांतली माणसं गल्फला नोकरीला. काळा, पायघोळ, जमिनीला टेकणारा अबाया तिकडच्याच बॅगेतून आला. तिकडे घरातून एसी गाडीत, गाडीतून एसी इमारतीत. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, चिखल, कदंब बसची उंच पायरी, नाहीतर पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागची सीट. धर्माचं म्हणाल तर कुराणातल्या सूरह नूरची ३१ वी आयत ओढणी छातीवरून घ्यायला सांगते, सूरह अहजाबची ५९ वी आयत अंगावर जिलबाब, म्हणजे वरून घ्यायचं सैल वस्त्र, ओढून घ्यायला. दोन्हींत रंगाचा उल्लेख नाही, कापडाचा नाही. आणि नूरचीच ३० वी आयत, म्हणजे बायकांच्या आधीची, पुरुषांना नजर खाली ठेवायला सांगते. मुलींना उपदेश करणाऱ्यांनी सुरुवात तिथून करावी, असं मी अगदी मनापासून म्हणते.

आता कापड. बाजारात 'निदा' म्हणून मिळतं ते पॉलिस्टर. पडतं छान, चुरगळत नाही, काळा रंग टिकतो, पण घाम शोषत नाही. एसी ऑफिसला चालेल, मे महिन्यातल्या म्हापशाच्या बाजाराला नाही. जॉर्जेट झिरझिरीत, मग अस्तर लावा, म्हणजे दोन थर पॉलिस्टरचे. इथल्या हवेला कॉटन किंवा रेयॉनचं मिश्रण बरं. कॉटन मात्र ३ ते ५ टक्के आटतं. ५६ इंच उंचीवर ५ टक्के म्हणजे जवळजवळ ३ इंच! रात्रभर पाण्यात ठेवून, सावलीत वाळवून मगच कापायला द्या. फिका रंग असेल तर खिडकीसमोर धरून मागे हात ठेवून बघा. बोटं मोजता आली तर आत सुती स्लिप लागणारच.

५६ इंच उंचीचा, साधारण ८० इंच घेराचा अबाया ५८ इंच पन्ह्याच्या कापडात साडेतीन मीटरमध्ये बसतो, बाह्या बाजूच्या उरलेल्या पट्टीतून निघतात. ४४ इंच पन्ह्यात बाह्यांना जागाच उरत नाही, चार मीटर घ्या.

उंची मोजताना रोजची चप्पल पायात हवी. खांद्यापासून घोट्यापर्यंत मोजा आणि जमिनीपासून किमान दीड-दोन इंच वर थांबा. पावसाळ्यातला तीन इंच वर. ओली किनार चालताना पायाला चिकटते आणि जिन्यावर पडायचं कारण होते. शिलाईतली सगळ्यात मोठी चूक मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईत. शिंपी छाती-कंबर सैल करतो आणि मुंढा कुर्त्याच्या मापाचाच ठेवतो. हँडलवर हात पुढे गेले की पाठ ताणते, शिवण तिथेच उसवते. छातीला अंगापेक्षा ८ ते १० इंच जास्त, आणि मुंढा कुर्त्याहून दीड इंच खोल सांगा. बाहीचं माप कोपर वाकवून घ्यायचं. मनगट घट्ट शिवलं तर वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, बाही कोपराच्या वर जात नाही आणि रोज पाच वेळा ओली होते. तिथे बटणाची पट्टी ठेवा. रुंद फुलपाखरी बाही फोटोत सुंदर दिसते, पण शेगडीजवळ तिला ज्योत धरते, आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं. स्वयंपाकाला ती नकोच.

दुचाकीचं जरा सविस्तर, कारण जीव इथे जातो. घेर ६० इंचांपेक्षा कमी असेल तर बसल्यावर कपडा गुडघ्यापर्यंत सरकतो, म्हणून मुली तो हातानं धरून ठेवतात, म्हणजे एक हात हँडलवरून सुटला. घेर मोठा असेल तर कड चाकात. उपाय: आत सैल पँट किंवा चुडीदार, मागे १४ इंचांची चुणी, आणि बसताना कड मांडीखाली दाबून घेणं. मागे बसणारीच्या कपड्यांसाठी मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानं सक्तीची आहे, तरी कितीतरी स्कूटरींवरून ती काढून टाकलेली असते. आधी ती लावून घ्या. हेल्मेटमधून कायद्यात सूट फक्त पगडीधारी शिखांना आहे, हिजाबला नाही, आणि मागायचीही नाही. केसांचा अंबाडा मानेशी खाली बांधा, डोक्यावर बांधला तर हेल्मेट वर तरंगतं. आत पातळ सुती टोपी किंवा एकच थर ओढणी. टाळूवर, कानशिलाशी पिन अजिबात नको, धडकेत ती आत घुसते. ओढणीची टोकं अबायाच्या गळ्यात खोचा आणि हनुवटीचा पट्टा दोन बोटं जाण्याइतकाच सैल ठेवा.

पिनांवरून आणखी एक. हिजाब बांधताना सरळ टाचणी दातांत धरायची सवय अनेकींना असते. बोलताना, हसताना ती श्वासनलिकेत जाते, मग दुर्बीण घालून काढावी लागते. डॉक्टरांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे, आणि त्यात शाळा-कॉलेजच्या मुली जास्त. टाचणी टेबलावर, चुंबकाला चिकटवून ठेवा. ओढणीला लावायचं चुंबकी बटण मिळतं, कापडाला भोक पडत नाही. पेसमेकर असेल तर मात्र ते वापरू नका. शिफॉन घसरतं म्हणून घट्ट इलॅस्टिकची टोपी घालतात आणि दुपारपर्यंत कानामागे ठणका लागतो. मागे नाड्यांनी बांधायची सुती टोपी घ्या. ओढणी ७० बाय २८ इंच, वॉइलची. ओल्या केसांवर कधीच बांधू नका, जूनमध्ये तर नाहीच. अबायाही दमट असताना कपाटात गेला की बुरशी आलीच. काळा कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, इस्त्रीही उलट्या बाजूनं, नाहीतर चकाकी येते.

मुस्लिमेतर वाचकांसाठी एवढंच: गोव्यातल्या देवळांच्या आणि चर्चच्या दारावर अंगभर कपड्यांची पाटी आपण रोज वाचतो, ती आपल्याला खटकत नाही. मग तीच मर्यादा एखादी मुलगी दारापलीकडेही पाळते तेव्हा तिला नोकरीच्या मुलाखतीत "हे काढाल ना?" असं का विचारायचं? कामाचं विचारा. कर्नाटकातल्या शाळा-कॉलेजच्या हिजाबबंदीवर सर्वोच्च न्यायालयातही १३ ऑक्टोबर २०२२ ला दोन न्यायमूर्तींचे दोन वेगळे निकाल आले आणि प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. दुकानमालकाला एवढ्या लांब जायची गरज नाही. युनिफॉर्मच्याच कापडाची दोन मीटर ओढणी द्या, यंत्राजवळ टोकं खोचलेली असतील हा नियम लिहून ठेवा, झालं. आपल्या मुसलमान वडीलधाऱ्यांनीही ती ओढणी राखाडी किंवा निळी असली तर वाद घालू नये.

आणि वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला बसणाऱ्या मुलींच्या आयांनो, अशा पोशाखातल्या उमेदवारांनी तपासणीसाठी लवकर पोचावं अशी सूचना असते. त्या दिवशी पिना, चुंबक, खडे काही नको. नाड्यांची टोपी आणि वर साधी सुती ओढणी, एकदा गुंडाळून टोक खोचलेली. आदल्या दिवशी घरी तीन तास बांधून बसवून बघा, सुटते का ते.